बेगार आणि बेगर : एका 'जी'चा हिशेब



केज तालुक्यातल्या एका गावात आपल्या पोरांचा अभ्यासवर्ग होता. जयंतीच्या आधीचे दिवस. समाजमंदिराच्या ओट्यावर सतरंजी टाकलेली, मधे संविधानाची इंग्रजी प्रत. बारावीला असलेला एक पोरगा उभं राहून मूलभूत हक्क वाचत होता. सतरावं कलम त्यानं छाती काढून वाचलं. अस्पृश्यता खतम. तेविसाव्या कलमावर आला आन् अडखळला. बी, ई, जी, ए, आर. ओठातल्या ओठात अक्षरं जुळवली आन् म्हणाला, "बेगर. बेगर म्हंजे भिकारी. सर, संविधानानं भीक मागायला बंदी केलीय."

दोन-चार जण हसले. कोपऱ्यात भिंतीला टेकून एक म्हातारे बसले होते, ते हसले नाहीत. म्हणाले, "बराबर हाय की लेका. भाकर मागायचं बंद केलंच की बाबासायबानं."

पोराचं इंग्रजी चुकलं होतं. म्हाताऱ्याचा इतिहास चुकला नव्हता. या दोघांच्या मधी जे पडलेलं आहे, ते आपल्या बापजाद्यांचं आयुष्य आहे. तेवढंच या लेखात मांडायचं आहे.

आधी शब्द बघू. इंग्रजीत भिकाऱ्याला जो शब्द आहे त्यात दोन 'जी' आहेत. बी, ई, जी, जी, ए, आर. त्याचा उच्चार बेगर. तेविसाव्या कलमात जो शब्द आहे त्यात एकच 'जी' आहे. त्याचा उच्चार बेगार. दोन्ही शब्द कागदावर जुळ्या भावांसारखे दिसतात, पण त्यांचं गोत्र एक नाही. बेगर हा इंग्रजांचा घरचा शब्द. बेगार हा फारसीतून आपल्याकडं आलेला, महसुलाच्या दप्तरात मुरलेला, चावडीवर रोज ऐकू येणारा शब्द. आपण मराठीत त्याला बिगार म्हणतो. जोडीला वेठ घेऊन वेठबिगार म्हणतो. अर्थ सरळ आहे. सत्तेच्या जोरावर राबवून घ्यायचं आन् मोबदला द्यायचा नाही, ती बेगार.

म्हंजे एक 'जी' असला तर तो माणूस राबतो आन् त्याला काही मिळत नाही. दोन 'जी' असले तर तो मागतो आन् लोक त्याला काही तरी देतात. एकाचं येणं आहे. दुसऱ्याचं काहीच येणं नाही, त्याला मिळेल ती दया. एवढा मोठा फरक एका अक्षरावर उभा आहे.

आता कुणी विचारील, इंग्रजीत लिहिलेल्या संविधानात हा गावठी शब्द कशाला घातला? सक्तीची मजुरी असा चांगला इंग्रजी शब्द होताच की. तोही आहे. पण त्याच्या आधी बेगार हे नाव आहे. बेगार आणि तिच्यासारख्या इतर प्रकारची सक्तीची मजुरी, अशी त्या कलमाची रचना आहे. ज्या गोष्टीनं पिढ्यान् पिढ्या माणसं पिळली तिचं नाव घेऊन तिला गुन्हा ठरवलं. अस्पृश्यतेचं जसं नाव घेतलं तसंच हे. नाव घेतलं नाही की गुन्हेगार निसटतो, हे आपल्याला नव्यानं सांगायला नको.

संविधान सभेत या कलमावर चर्चा झाली ती ३ डिसेंबर १९४८ ला. मसुद्यात तेव्हा ते सतरावं कलम होतं. राजस्थानकडच्या संस्थानी मुलखातले सभासद राज बहादूर त्या दिवशी बेगारीवर बोलले. संस्थानातल्या मुक्या, दबलेल्या लोकांवर बेगारीनं काय आणलं ते आपल्याला ठाऊक आहे, असं त्यांनी सभेला सांगितलं. आता ही तारीख आपल्या जिल्ह्याशी जोडून बघा. बीड निजामाच्या राज्यात होतं. १७ सप्टेंबर १९४८ ला ते राज्य पडलं. दिल्लीत बेगारीवर बोलणं चाललं होतं तेव्हा आपला मुलूख संस्थानी अमलातून सुटून पुरते तीन महिनेसुद्धा झाले नव्हते. राज बहादूर भरतपूरकडचं बोलत होते. पण बालाघाटाच्या डोंगरात बसलेल्या आपल्या माणसाला ते ऐकू आलं असतं तर तो म्हणाला असता, ह्ये तर आमच्याच गावचं सांगतोय.

*

आता गावात येऊ.

महाराची पाळी म्हंजे काय, ते नव्या पोरांना माहीत नाही आन् माहीत नाही हे बरंच आहे. पण कार्यकर्त्याला माहीत पाहिजे. येसकराची पाळी ज्याच्याकडं असेल त्यानं दिवसरात्र गावाच्या हुकमात राहायचं. चावडी झाडायची. पाटलाच्या वाड्यावर लाकडं फोडायची. गिरदावर, तहसीलदार, अमीन दौऱ्यावर आला की त्याच्या घोड्याला वैरण आणायची, त्याचं ओझं पुढच्या गावापर्यंत वाहायचं. गावात कुणी मेलं की परगावच्या सोयऱ्याला सांगावा न्यायचा, पाऊस असो की ऊन. ढोर मेलं की ओढायचं. रात्री पांढरीची राखण करायची. मांगाच्या, चांभाराच्या वाट्यालाही त्यांचं त्यांचं काम जातीनं बांधून दिलेलं होतं. आजारी आहे, बायको अडलीय, पोरगं तापानं फणफणलंय, असली कारणं चालत नव्हती. बाप नसला तर पोरगा धरून न्यायचे. काम अमुक एका माणसाचं नव्हतंच, ते जातीचं होतं. म्हणून त्यातून कुणाला राजीनामा देता येत नव्हता.

ही झाली बेगार. एका 'जी'ची. आता तिचा मोबदला बघा. सुगीला खळ्यावर जाऊन बलुतं मागायचं. दाणे किती घालायचे ते कुणबी ठरवणार. काही ठिकाणी इनामाचा जमिनीचा तुकडा, तोही भावकीत वाटून वाटून वावभर उरलेला. मेलेल्या ढोराचं कातडं. आन् रोजची भाकर. संध्याकाळी येसकराची काठी आन् घोंगडं घेऊन दारोदार जायचं, उंबऱ्यापासून लांब उभं राहायचं आन् हाळी द्यायची, "भाकर वाढा माय." घरातली बाई वरून टाकणार. ताजी असेल तर ताजी, शिळी असेल तर शिळी. विटाळ होऊ नये म्हणून हात आखडून.

इथं थांबा आन् विचार करा. तो माणूस दिवसभर राबला होता. भाकर ही त्याची मजुरी होती. गावाच्या जुन्या बोलण्यातसुद्धा तिला हक्क म्हणत. बिदरच्या बादशहानं महारांना बावन्न हक्क दिले, अशी आपल्या जुन्या माणसांची सांगी आहे. सनद खरी की खोटी हा वाद बाजूला ठेवू. आपली माणसं त्याला हक्क समजत होती, ही गोष्ट मोठी आहे. पण तो हक्क वसूल करायची रीत कशी ठेवली? भीक मागायची. रोजगार दिवसाचा, आन् तो घ्यायचा हात पसरून. देणाऱ्याला पुण्य लागतं, घेणाऱ्याला लाज.

गावगाड्याची खरी चलाखी इथं आहे. राबवलं ते बेगारी म्हणून आन् मजुरी देताना त्याला बेगर करून टाकला. एक 'जी' गावानं आपल्या पदरचा घातला. एकदा तो माणूस भिकारी ठरला की हिशेब मिटला. भिकाऱ्याची थकबाकी नसते. भिकारी कमी मिळालं म्हणून भांडत नाही. त्यानं भांडण काढलंच तर सगळं गाव म्हणतं, आमच्या भाकरीवर जगतो आन् आम्हालाच माज दाखवतो. हे वाक्य अजून कानावर येतं की नाही, ज्यानं त्यानं आपापल्या गावात ऐकावं.

म्हणून म्हणतो, पोराची चूक नुसती स्पेलिंगची नाही. हे दोन शब्द गावानं आधीच आपल्या अंगावर एक करून ठेवले होते.

*

बाबासाहेबांनी ही चलाखी पकडली. मार्च १९२७ मधे महाडच्या परिषदेत त्यांनी पाण्याबरोबर आणखी एक गोष्ट सांगितली, ती आपण पाण्याच्या आवाजात विसरतो. मेलेल्या ढोराचं मांस सोडा, शिळे तुकडे मागणं सोडा, शेती धरा. पुष्कळांना वाटतं की हा नुसता स्वच्छतेचा उपदेश होता. तसं नाही. भाकर मागणं बंद झाल्याशिवाय मजुरी मागणं सुरू होत नाही. हात पसरलेला असेल तर त्याच हाताचं बोट दाखवून हिशेब विचारता येत नाही.

पुढच्याच वर्षी, मार्च १९२८ मधे, त्यांनी मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाचं बिल आणलं. १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करायचं ते बिल. त्यात दोन गोष्टी आपल्या विषयाच्या आहेत. एक, ज्याला वतनाच्या कामातून सुटायचं आहे त्याला सुटता यावं आन् जमिनीचा पूर्ण सारा भरून जमीन त्याच्याकडं राहावी. दुसरी, बलुत्याचं रोख रकमेत रूपांतर व्हावं आन् ती रक्कम सरकारनं साऱ्याबरोबर वसूल करून महाराला द्यावी. म्हंजे खळ्यावर जाऊन मागणं बंद. दारात हाळी देणं बंद. काम सरकारचं आन् गावाचं, तर पगार हिशेबानं मिळावा. जो 'जी' गावानं जास्तीचा घातला होता तो कायद्यानं खोडायचा हा प्रयत्न होता.

त्या बिलाला सरकारनं साथ दिली नाही. समितीत त्याची हाडं मोडली. १९२९ मधे बाबासाहेबांनी ते परत घेतलं. पण विचार मागं घेतला नाही. फेब्रुवारी १९४१ मधे कसबे तडवळ्याला महार-मांग वतनदारांची परिषद झाली. ते गाव आजच्या धाराशिव जिल्ह्यात, आपल्या शेजारीच. बाबासाहेब तिथं आले होते. विषय तोच, वतन. महार आन् मांग एका मांडवात बसवून तोच हिशेब. मुंबई प्रांतातल्या असल्या हलक्या समजल्या गेलेल्या गावकामगारांच्या वतनांचा कायदा १९५८ चा आहे. बाबासाहेब तेव्हा नव्हते. बिल आणल्यापासून तीस वर्षं गेली होती.

आपल्यातले काही जुने लोक वतन सोडायला तयार नव्हते, हेही लपवायला नको. हक्क जाईल, भाकर जाईल, अशी भीती होती. तो त्यांचा अडाणीपणा म्हणून सोडून देऊ नका. ज्याच्याजवळ दुसरं काही नाही त्याला भिकेचा तुकडासुद्धा इस्टेट वाटते. ही गोष्ट पुढं परत येणार आहे, म्हणून ध्यानात ठेवा.

*

संविधान २६ जानेवारी १९५० ला लागू झालं आन् तेविसावं कलम आपल्या जिल्ह्यालाही लागू झालं. पुढं या दोन शब्दांचं सरकारनं काय केलं, त्याची दोन खाती मांडून बघू.

पहिलं खातं बेगरचं, दोन 'जी'वाल्याचं. मुंबई राज्यानं भीक मागण्याला प्रतिबंध करणारा कायदा केला तो १९५९ चा. मराठवाडा तेव्हा मुंबई राज्यातच होता. संविधानाला दहा वर्षंही झाली नव्हती. या कायद्यानं पोलिसाला वॉरंटाशिवाय भिकारी पकडायची सोय दिली. कोर्टानं ताकीद देऊन सोडलं नाही तर पहिल्याच खेपेला कमीत कमी एक वर्ष आन् जास्तीत जास्त तीन वर्षं भिक्षेकरी गृहात डांबायचं. परत परत सापडला तर दहा वर्षांपर्यंत. आन् भिकारी कोण? नुसता हात पसरणारा नाही. रस्त्यावर गाणं म्हणून, नाचून, भविष्य सांगून, खेळ करून पैसे मागणारासुद्धा. म्हंजे नंदीबैलवाला, वासुदेव, पोतराज, डोंबारी, आपले सगळे भटके भाऊ एका व्याख्येत धरले. पिढ्यान् पिढ्यांची कला भीक ठरली. २०१८ च्या ऑगस्टमधे दिल्लीच्या हायकोर्टानं दिल्लीपुरती या कायद्यातली भीक मागणं गुन्हा ठरवणारी कलमं घटनाबाह्य ठरवली. हा कायदा मूळ आपल्या राज्याचा, पण निकाल दिल्लीपुरता.

दुसरं खातं बेगारचं, एका 'जी'वाल्याचं. तेविसावं कलम म्हणतं, बेगार घेणं हा कायद्यानं शिक्षा होणारा गुन्हा आहे. पण वेठबिगारीची पद्धत मोडणारा देशभराचा कायदा कधी आला? ऑक्टोबर १९७५ मधे वटहुकूम आन् १९७६ मधे कायदा. पंचवीस वर्षं गेली. त्या कायद्यात देशातल्या वेठबिगारीच्या नावांची लांबलचक यादी आहे. त्यात भगेला आहे, वेट्टी आहे. हे दोन्ही शब्द जुन्या हैदराबाद राज्यात चांगलेच मुरलेले. वेठबिगार म्हणून राबवणाऱ्याला शिक्षा तीन वर्षांपर्यंत आन् दंड दोन हजार रुपयांपर्यंत. कमीत कमी किती, ते ठरवलेलं नाही.

आता दोन्ही खाती शेजारी ठेवा. बेगरच्या कायद्यात गुन्हेगार कोण? हात पसरणारा. बेगारच्या कायद्यात गुन्हेगार कोण? राबवून घेणारा. एक 'जी' वाढला की आरोपीच्या पिंजऱ्यातला माणूस बदलतो. मालक बाहेर येतो आन् मजूर आत जातो. व्यवस्थेला कुठला शब्द सोयीचा वाटतो, ते दहा वर्षं आन् पंचवीस वर्षं या हिशेबातच कळतं.

*

पुढची गोष्ट १९८२ ची. दिल्लीत एशियाड भरणार होतं. स्टेडियम, पूल, रस्ते बांधायला खेड्यापाड्यांतून मजूर आणलेले. त्यांना किमान वेतनापेक्षा कमी पैसे मिळत. मधला मुकादम आपला वाटा कापून घेई. लोकशाही हक्कांसाठी झगडणाऱ्या एका संघटनेनं सुप्रीम कोर्टाला पत्र लिहिलं. न्यायमूर्ती भगवती आन् न्यायमूर्ती बहारुल इस्लाम यांनी १८ सप्टेंबर १९८२ ला निकाल दिला. प्रत्येक कार्यकर्त्यानं त्या निकालाचं सार तोंडपाठ ठेवावं.

कोर्टापुढं पहिला सवाल हाच होता, बेगार म्हंजे काय? कोर्ट म्हणालं की हा नेहमीच्या इंग्रजी वापरातला शब्द नाही, तो हिंदुस्थानी मुळाचा आहे. मग अर्थासाठी कुठं जायचं? कोर्टानं मोल्सवर्थ उघडला. मोल्सवर्थ म्हंजे आपल्या मराठीचा इंग्रजी कोश. पहिली आवृत्ती १८३१ ची, दुसरी १८५७ ची. सरकारनं किंवा सत्ताधाऱ्यानं मोबदला न देता करून घेतलेलं काम, असा अर्थ तिथून घेतला. बघा मित्रांनो. आपल्या बापजाद्यांच्या डोक्यावर ओझं ठेवून जो शब्द हाकारला जायचा, तो मराठी कोशात गेला, तिथून दिल्लीच्या सर्वोच्च कोर्टात गेला आन् मजुरांच्या बाजूनं साक्षीला उभा राहिला.

त्या निकालात आणखी तीन गोष्टी सांगितल्या. एक, बेगार म्हंजे बिनमोबदल्याचं काम, पण कलमात 'तिच्यासारखे इतर प्रकार' असंही आहे. म्हणून थोडे पैसे दिले तरी सक्ती ती सक्तीच. दोन, सक्ती नुसती काठीची नसते. भूक आन् गरिबी माणसापुढं दुसरा रस्ता ठेवत नाही, तीही सक्ती. म्हणून किमान वेतनापेक्षा कमी पैशांत कुणी राबत असेल तर ते तेविसाव्या कलमाचा भंग करणारं सक्तीचं काम आहे. तीन, हे कलम नुसतं सरकारविरुद्ध नाही. खाजगी माणसाविरुद्धही आहे. सावकार, बागाईतदार, ठेकेदार, मुकादम, सगळे त्यात येतात.

पुढच्या वर्षी, डिसेंबर १९८३ मधे, बंधुआ मुक्ती मोर्चाच्या खटल्यात कोर्टानं आणखी एक पाऊल टाकलं. मजुराकडून सक्तीनं काम करून घेतलं जातंय एवढं दिसलं की ते उचलीपोटी आहे असं कोर्ट धरून चालेल. तसं नाही हे मालकानं आन् सरकारनं सिद्ध करायचं.

उचल. हा शब्द आला की आपण परत बीडात येतो.

*

पोळा-दसऱ्याच्या सुमाराला मुकादम गावात फिरतो. उचल वाटतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. दोन माणसं, चार हात, पण हिशेबात एक नग. दिवाळीच्या पुढं-मागं गाड्या, ट्रॅक्टर, ट्रक भरून लाखो माणसं धारूरचा घाट उतरून, आष्टी-पाटोद्याकडनं कारखान्यांच्या दिशेनं जातात. सांगली, कोल्हापूर, सातारा, पुणे, नगर, कर्नाटकसुद्धा. पहाटेच्या अंधारात फड गाठायचा, दिवसभर तोडायचं, मोळ्या बांधायच्या आन् गाडी येईल तेव्हा भरायचं, मग ती रात्री बाराला येवो. पैसे टनावर. एक दिवस चुकला की खाडा, खाड्याचे पैसे कापायचे. सीझन संपला आन् उचल फिटली नाही तर बाकी अंगावर. पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडं जायचं. खाडा नको म्हणून बायकांनी काय काय भोगलं ते २०१९ मधे सगळ्या देशानं वाचलं. सरकारच्या समितीनं बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी केली, त्यांत १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली.

यात फक्त आपली माणसं नाहीत. बौद्ध, मातंग आहेत, वंजारी, बंजारा आहेत, कोरडवाहू मराठेही आहेत. दुष्काळ जात विचारत नाही, पण पोटापुरती जमीन कुणाला किती आली हे जातच ठरवून गेली.

आता भाषा ऐका. उचल ही खरं तर येणाऱ्या घामाची आगाऊ मजुरी. पण मुकादम ती कशी देतो? उपकार म्हणून. "तुझ्या पोरीच्या लग्नाला म्या पैसं दिले." "दवाखान्याला म्या दिले म्हून वाचलास." आन् घेणाराही हात जोडून घेतो. परत तोच खेळ. राबणारा बेगारी, पण कागदावर आन् मनात तो उपकाराखाली दबलेला बेगर. येसकराची भाकर गेली, उचल आली. दारात उभं राहायची रीत तीच राहिली. वतनाला चिकटलेल्या आपल्या म्हाताऱ्यांसारखंच आजचा जोडीदारही म्हणतो, मुकादमाच्या विरुद्ध बोललो तर पुढच्या वर्षी उचल कोण देईल?

प्रत्येक उचल म्हंजे वेठबिगारी, असंही आंधळेपणानं म्हणू नका. कोर्टात असलं टिकत नाही. १९७६ चा कायदाच कसोट्या देतो. कर्जाच्या, उचलीच्या बदल्यात काम करताना यातली एक जरी गोष्ट झाली तरी विचारा. मजुरी मिळतच नाही, किंवा किमान वेतनापेक्षा कमी मिळते? दुसरीकडं कामाला जायला बंदी आहे? फडावरून, कोपीवरून हलू देत नाहीत? आपल्या श्रमाचा माल बाजारभावानं विकू देत नाहीत? उत्तर हो आलं तर ती बाकी कायद्यानं बुडालेली आहे, फेडायचं बंधन राहत नाही. कर्ज वेठीचं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी धनकोवर आहे. जिल्हाधिकाऱ्यावर चौकशीचं कर्तव्य आहे. जिल्ह्याला आन् उपविभागाला दक्षता समित्या असल्या पाहिजेत.

आणखी एक हत्यार. १९८९ च्या ॲट्रॉसिटी कायद्यातसुद्धा हाच शब्द आहे, एका 'जी'चा. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला बेगार किंवा तसलं सक्तीचं काम करायला लावणं हा गुन्हा. मूळ कायद्यात तो तिसऱ्या कलमाच्या पहिल्या पोटकलमातला सहावा खंड होता. २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर तो 'एच' खंड झाला. शेजारचाच 'आय' खंड मेलेली ढोरं ओढायला लावण्याबद्दल आहे. येसकराच्या पाळीतली दोन कामं शेजारी शेजारी गुन्हा म्हणून छापली आहेत. तरी शिवीगाळ, मारहाण एवढीच कलमं लावून आपण फिर्याद देतो आन् बेगारीचं कलम राहून जातं. कारण फिर्याद लिहिणाऱ्याला तो शब्द कळत नाही, आन् कळतो त्याला तो लिहायचा नसतो.

म्हणून अर्ज लिहिताना शब्द तोलून लिहा. आपल्या पोरांचे अर्ज मी बघतो. 'आम्ही गरीब असून आमच्यावर दया करावी.' 'मेहेरबान साहेबांनी मदत द्यावी.' हा दोन 'जी'चा अर्ज झाला. असा अर्ज गेला की साहेब योजनेच्या फायलीत टाकतो आन् तुम्ही रांगेत उभे राहता. 'आमची इतकी मजुरी येणं आहे, इतके दिवस आम्हाला अडवून ठेवलं, कलम तेवीसचा भंग झाला आहे, १९७६ च्या कायद्यानं चौकशी करावी,' असं लिहा. मग साहेबाला उत्तर द्यावं लागतं. एकच माणूस, एकच दुःख, पण एका कागदात तो मागतो आन् दुसऱ्यात तो हिशेब विचारतो.

शेवटी एक सावधगिरी. एका 'जी'चा अभिमान धरून दोन 'जी'वाल्याला तुच्छ मानू नका. रस्त्यावर हात पसरणारी म्हातारी कोण आहे, विचारून बघा. बहुतेक वेळा तिनंही कुठं तरी चाळीस वर्षं ऊस तोडलेला असतो, भांडी घासलेली असतात, कुणाच्या शेतात निंदलेलं असतं. तिची मजुरी आधी कुणी तरी बुडवली, म्हणून ती आज मागते. बेगारीतूनच बेगर तयार होतो. आधी वसुली कुणाकडं निघते ते बघा.

त्या दिवशी अभ्यासवर्ग संपता संपता पोराला खडू दिला. त्यानं फळ्यावर दोन्ही शब्द लिहिले, एकाखाली एक. म्हाताऱ्यांना इंग्रजी येत नव्हतं. त्यांनी विचारलं, "ह्यातला आमचा कंचा?" पोरानं एका 'जी'च्या शब्दावर बोट ठेवलं. म्हातारे म्हणाले, "मंग तेवढाच ठिव. दुसरा पूस."

पोरानं पुसला नाही. म्हणाला, "राहू द्या आजोबा. कुणी घातला ते लोकांना दाखवायचंय."

जयभीम.